घरची मोरी

लोकांच्या घाणीत कोपरापर्यंत हात घालणारा माणूस स्वतःच्या लेकीचं नाक पुसायला बायकोला हाक मारतो, याला काय म्हणावं? कुणीतरी वेळीच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. कुणी दिल्या नाहीत.

हा प्लंबर सगळ्या वस्तीत नावाजलेला. कुणाचं सिंक तुंबो, कुणाचा संडास उलटो, हा बाह्या सरसावून हजर. पाइपातून केसांचे बुचके, कुजलेलं खरकटं, मेलेली पाल, काय वाटेल ते ओढून काढायचा आणि हात धुऊन गिऱ्हाइकाकडचा चहा निवांत प्यायचा. वर ऐटीत सांगायचा, की किळस आली तर धंदा बसलाच म्हणून समजा. आणि घरी? घरी महाशय नाकानं कांदे सोलायचे. मुलगी तान्ही असताना दुपटं ओलं झालं, की "शी!" करून नाक चिमटीत धरायचे आणि उठून जायचे. आता ती पाच वर्षांची झाली, तरी शेंबूड असो की उलटी, यांचं ठरलेलं: शी, अगं हिला घे आधी. आंघोळ, वेणी, नखं कापणं, सगळं आईकडे. बापानं फक्त पोर न्हाऊनमाखून झोपली, की तिच्या गालावरून हात फिरवायचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

बायको बोलून बोलून थकली होती. असल्या रोजच्या फुटकळ कामांतूनच पोर बापाची होते, नाहीतर तुम्ही तिला पाहुणेच, असं ती म्हणायची. तो मान हलवायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

मग त्याच्या सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि बायकोला माहेरी धावावं लागलं. निघताना तिनं दारातच त्याला थांबवलं.

"पोट दुखलं तरी ती तुम्हाला सांगायची नाही. तुम्हीच विचारत जा. अहो, तेवढं तरी करा."

त्यानं हो हो केलं आणि विचारलं मात्र नाही. पोरीनं दूध तसंच ठेवलं, खेळता खेळता सारखी उठून मोरीत जाऊ लागली. हा आपला खूश, की किती गुणाची पोर, आईवाचून काही त्रास नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पाणी साचलं. प्लंबरच्या घरची मोरी तुंबली, म्हणजे शोभाच की! तो स्वतःशीच हसला, जाळी उचलली आणि सवयीनं आत हात घातला. हाताला मऊसर काही लागलं. ओढलं, तर लेकीची चड्डी, माखलेली. तिच्यामागे दुसरी. आणखी एक तर पार खाली ढोसलेली.

"शी" अगदी ओठांवर आली होती. तेवढ्यात दारात उभी असलेली पोर त्याला दिसली. दोन्ही हातांनी फ्रॉक मागून आवळून धरलेला.

"मी धुवून बघितल्या, पण निघेना," ती म्हणाली. "तुम्हाला शी वाटते ना, म्हणून आत लपवल्या."

इतकी वर्षं गटारं उपसली, पण अशी किळस त्याला कधी आली नव्हती, आणि ती चड्ड्यांची नव्हती. एवढ्याशा जिवानं आपलं दुखणं चोरीच्या मालासारखं बापापासून दडवावं? थू असल्या बापपणावर, असं त्याला वाटलं. बरोबरच वाटलं.

त्यानं तिला जवळ बोलावलं, तर ती मागे सरकली. आता फ्रॉकही भरला होता. त्यानं मोरी मोकळी केली, हात खसाखसा धुतले, पाणी कोमट केलं आणि पुन्हा बोलावलं. मग ती आली, अंग चोरत. पाइपाचं प्रत्येक वळण ठाऊक असलेल्या या पठ्ठ्याला लेकराला कुठून धरायचं तेही कळेना. एका हातानं दंड धरून दुसऱ्या हातानं साबण लावायला लागला, तसा पोरीनं हात पुढे केला आणि त्याचं नाक चिमटीत पकडलं.

"हं, आता धुवा. वास नाही येणार."

सोड गं, मला नाही शी वाटत, असं तो गेंगाण्या आवाजात दोनदा म्हणाला. पोरीला ते खरं वाटलं नाही. धुऊन, पुसून, कोरडे कपडे अंगात घालून होईपर्यंत तिनं ते नाक घट्ट धरून ठेवलं.