हवामानाचा कॉलम

लेडीज टेलर बाजारात पुष्कळ होते, आणि खोटं कशाला बोला, त्यातल्या दोघातिघांचा हात मास्तरांपेक्षा सफाईदार होता. तरी बायका मास्तरांकडेच यायच्या. लग्न होऊन लांब गेलेल्या मुली माहेरी आल्या की आधी मास्तरांकडे कापड टाकायच्या आणि मग आईला भेटायच्या. दुकान म्हणाल तर राहत्या घराचीच पुढची खोली. दोन मशिनं, कापायचं टेबल, एक उंच आरसा आणि आरशापुढे लाकडी ठोकळा. ठोकळ्यावर उभं राहायचं आणि माप द्यायचं.

बायका येण्याचं कारण त्या ठोकळ्यावरच घडायचं, आणि ते आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही अशी मास्तरांची समजूत होती. मास्तर कमरेचं माप मोठ्यानं सांगायचे आणि कमी सांगायचे. टेप म्हणायची छत्तीस, मास्तर म्हणायचे, "चौतीस." बाई आरशात स्वतःकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायची. वहीतही ते चौतीसच लिहायचे, कारण बायका वहीत डोकावतात. मात्र आकड्याखाली बारीक दोन ठिपके द्यायचे. जितके इंच गिळले तितके ठिपके. कापताना ठिपके आठवणीनं मिळवायचे की कपडा अंगावर असा बसायचा की बाई खूश आणि बाईच्या नणंदा बेचैन.

ह्यात काही लबाडी आहे असं मास्तरांना कधी वाटलं नाही. दिवसभर घरीदारी बोलणी खाणाऱ्या बाईला कुणी एखादा आकडा बरा सांगितला तर बिघडलं कुठं? सगळ्यात जास्त ठिपके ज्या पानावर होते ते पान त्यांच्या स्वतःच्या बायकोचं होतं. बत्तीस, खाली चार ठिपके. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि ह्या गृहस्थांनी बत्तीसचे तेहेतीस म्हणून होऊ दिले नव्हते.

मग एक दिवस माळ्यावरचा पाइप फुटला आणि मापांची वही भिजली. पानं एकमेकांना चिकटली, सुटली ती तुकड्यांनी सुटली. मास्तर दोन दिवस धड जेवले नाहीत. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिच्या ऑफिसात जुने कॉम्प्युटर काढून टाकत होते, त्यातला एक प्रिंटरसकट ती गाडीत घालून घेऊन आली आणि तिनं तो कापायच्या टेबलाच्या टोकाला मांडला.

"विकतची सिस्टीम ह्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला झेपत नाही," ती म्हणाली. "म्हणून लिनक्स घातलंय. फुकट आहे."

"चोरीचं नाही ना?"

"नाही, बाबा. लोकांनी मिळून केलंय. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं."

"म्हणजे उसवून परत शिवता येतं?"

"अगदी."

हे मास्तरांना पटलं. ज्याची शिवण उसवता येत नाही तो कपडा त्यांच्या लेखी कपडाच नव्हता. लेकीनं मग एकेक गोष्ट दाखवली. जुनी गाणी लावायचा प्रोग्राम होता, अक्षरं मोठी करून दाखवणारं भिंग होतं, उलटी मोजणी करून किंचाळणारं घड्याळ होतं. ते मास्तरांनी लगेच इस्त्रीला जुंपलं आणि त्या महिन्यात एकही कॉलर जळली नाही. पडद्यावर चिकटवायच्या पिवळ्या चिठ्ठ्यांनी तर त्यांना वेडच लावलं. काळा दोरा आणणे, सुई बदलणे, काळा दोरा आणलेला आहे. आठवड्याभरात पडदा चिठ्ठ्यांनी असा भरला की कॉम्प्युटर शोधावा लागे. बायकोनं एका दुपारी त्या सगळ्या पुसून टाकल्या आणि खुर्ची स्वतःकडे ओढून घेतली.

मास्तरीणबाई (अख्खी गल्ली त्यांना असंच म्हणायची) दुकानातली काजं, बटणं, हुक आणि उसवाउसवी बघायच्या. लेकीनं त्यांना लिबरऑफिसमधलं आकड्यांचं पान शिकवलं होतं, ते त्यांनी दोन दिवसांत आत्मसात केलं आणि जाहीर केलं की वहीतली सगळी मापं आता ह्यात जाणार. पहिल्या कॉलमात नाव, दुसऱ्यात माप. चारशे बारा बायका. ओलं पान वाळवायचं, वाचायचं, टाइप करायचं आणि टोपलीत टाकायचं.

तिसऱ्या दुपारी त्या म्हणाल्या, "अहो, हे आकड्यांखाली ठिपके कसले?"

मास्तरांच्या बोटात सुई गेली. "शाई. ते जुनं पेन गळायचं."

"नेमकं आकड्याखालीच गळायचं?"

"चांगलं पेन होतं."

मास्तरीणबाईंनी पुढचं नाव टाइप केलं. मास्तर मात्र गारठले. ठिपक्यांशिवाय नुसते आकडे राहिले तर इथून पुढे शिवलेला प्रत्येक कपडा दोन-तीन इंच तंग होणार. ठिपके सांगावेत तर अठ्ठावीस वर्षांचं बिंग बायकोपुढे फुटणार. ती तर बायकांच्या गायनमंडळात दुसऱ्या रांगेत गाते, म्हणजे अठरा तोंडं. दुकानाचं काय व्हायचं ते होईल, पण त्यांना खरी धास्ती बत्तीसची होती. इतकी वर्षं आपला नवरा आपल्याला बनवत होता हे कळल्यावर ती काय म्हणेल, ह्याच्या पुढे त्यांची बुद्धी चालेना.

त्यांनी लेकीला फोन लावला. "एखादा कॉलम असा ठेवता येतो का, की आहे पण दिसत नाही?"

"येतो. हाईड करायचा."

"आईला..."

"बाबा, मी ह्या घरात कुणाचं कुणाला सांगत नाही."

गायनमंडळाची तालीम मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी असायची. बायको बाहेर पडली की मास्तर टोपलीतून पानांचे तुकडे काढायचे, भिंगाखाली ठिपके मोजायचे आणि एका बोटानं तिसऱ्या कॉलमात भरायचे. ह्या कॉलमाला नाव काय द्यावं ह्यावर त्यांनी एक अख्खी तालीम घालवली. कुणी चुकून पाहिलं तरी शंका येऊ नये म्हणून शेवटी त्यांनी लिहिलं, हवामान. कुणाचं हवामान दोन, कुणाचं तीन. डॉक्टरीणबाईंचं एकच, पण त्या घोडेस्वारी करतात. बायकोच्या ओळीत चार लिहिताना त्यांनी उगीचच मागं वळून बघितलं. सगळं भरून झाल्यावर त्यांनी कॉलम हाईड केला आणि स्वतःसाठी चहा केला. आयुष्यात इतकं चोख काम आपल्या हातून झालेलं नाही असं त्यांना वाटलं.

पंधरा दिवसांनी गायनमंडळानं अठरा निळे कोट शिवायला सांगितले, सगळे कमरेत बसणारे. कापड मंडळच आणणार होतं. शुक्रवारी मास्तर बटणं आणायला गेले आणि परतले तेव्हा मास्तरीणबाई तालमीहून येऊन भाजी चिरत होत्या.

"गाण्याच्या बाईंना मापांची यादी देऊन आले," त्या आतून म्हणाल्या. "कापडवाल्यानं मागितली होती. छापलीच."

"कुठली यादी?"

"आपल्या कॉम्प्युटरातली."

मास्तर टेबलाशी गेले. पान उघडंच होतं. नाव, माप, आणि त्याच्या शेजारी ढळढळीत हवामान. बटणांची पुडी तशीच खिशात घालून, चपला बदलायचंही भान न राहता, ते गाण्याच्या बाईंच्या घराकडे निघाले. वाटेत दोन गिऱ्हाइकं भेटली, दोघीही हसल्या, आणि दोघींच्या हसण्याचा अर्थ मास्तरांनी मनातल्या मनात वाईटात वाईट लावला. नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी ठरवलं की कबूल करून टाकायचं. पोस्टापाशी ठरवलं की साफ नाकबूल व्हायचं.

गाण्याच्या बाई म्हणजे मंडळाच्या प्रमुख. आवाज असा की त्यांनी नुसतं "या" म्हटलं तरी माणूस दोन पायऱ्या मागं जावा. यादी त्यांच्या हातातच होती.

"बरं झालं आलात, मास्तर. मला ह्यातलं एक कळत नाहीये."

"बाई, त्यात वाईट हेतू नव्हता," मास्तर म्हणाले.

"कशात?"

"हवामानात."

बाईंनी खिडकीबाहेर आभाळाकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "तुम्ही बसा जरा. पाणी आणू का?" आणि त्यांनी यादी पुढे केली. "हे बघा, मापं माझ्या अंदाजानं बरोबर आहेत. माझी कंबर चौतीस, ती आहेच. पण खाली तुमच्या मिसेसनी हातानं लिहिलंय, कापड सव्वा मीटर जादा मागवा. ते कशाला?"

मास्तरांनी कागद घेतला. नाव आणि माप, दोनच कॉलम. हवामानाचा मागमूस नाही. खाली बायकोच्या ठसठशीत अक्षरात ती एक ओळ. अठरा बायकांचं हवामान मनात मिळवलं तर सव्वा मीटर अगदी बरोबर होतं.

"शिवणीत जादा कापडाची माया ठेवावी लागते," ते कसंबसं म्हणाले.

ते घराकडे वळले. मंडळापुढे अब्रू वाचली होती, पण ज्या एका माणसापासून लपवायचं होतं त्यालाच सगळं ठाऊक होतं. बायको कॉम्प्युटरपुढे बसली होती. मास्तर दारातच उभे राहिले.

"ए, बी आणि एकदम डी," ती पडद्याकडेच बघत म्हणाली. "मधला सी कुठं गेला म्हणून लेकीला विचारलं. म्हणाली, मी कुणाचं कुणाला सांगत नाही, पण अनहाईड असं असं करतात. छापताना पुन्हा झाकला, छापून झाल्यावर उघडला, काळजी करू नका."

"म्हणजे तुला आत्ता कळलं."

"ठिपके होय? ते लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कळले. तुमच्या शिवणी उसवतं कोण? टेप मलाही वाचता येते."

"मग ठिपके कसले म्हणून कशाला विचारलंस?"

"तुम्ही काय सांगता ते बघायला."

"आणि इतकी वर्षं एका शब्दानं बोलली नाहीस?"

तिनं माउस बाजूला सारला. "ऐकायला बरं वाटायचं हो. सकाळपासून कुणी बरं बोललेलं नसायचं, आणि तुम्ही आपले गंभीर तोंड करून बत्तीस. मी कशाला बोलू?"

मास्तर खाली मान घालून ठोकळ्यावर बसले. डोळे पाणावले होते, ते त्यांनी बाहीनं पुसले. त्यांना आता जगातल्या कुठल्याही यादीची भीती राहिली नव्हती.

"बसू नका, इकडे या," ती म्हणाली. "शेवटची ओळ वाचा."

चारशे बारा बायकांच्या खाली एक नवी ओळ होती. नाव: मास्तर. कंबर: चौतीस. हवामान: पाच.

"हे काय? माझी कंबर चौतीस आहे. लग्नापासून मी माझी पँट चौतीसनंच कापतो."

"कापता चौतीसनं. पट्टा आणि हुक कोण लावतं?"

मास्तरांनी हात मागं नेला. पँटच्या मागच्या शिवणीत, पट्ट्याच्या खाली, त्याच कापडाची, त्याच दोऱ्याची, जिचा जोड बोटाला जेमतेम लागेल अशी एक पाचर जोडलेली होती. टाका इतका सफाईदार की बाजारातल्या त्या दोघातिघांनीही मान डोलवली असती. त्यांनी भिंतीच्या खुंटीवरची दुसरी पँट काढून उलटी केली. तिलाही पाचर होती.

ती पँट त्यांनी परत खुंटीला टांगली. मग गळ्यातली टेप काढून त्यांनी बायकोच्या हातात दिली आणि ठोकळ्यावर चढले. आरशात न बघता दोन्ही हात वर केले.

"घे माप," ते म्हणाले.

तिनं टेप कमरेभोवती फिरवली, आकडा नीट वाकून बघितला आणि शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चौतीस."

मग खुर्चीकडे वळून तिनं पाचाचे सहा केले.