बाळंतिणीच्या खोलीवरचं छप्पर

लटारू कवेलूवाला सदा वैतागलेला असायचा, आणि त्यात त्याची फारशी चूक नव्हती. उन्हाळा लागला की नागभीडच्या आसपासच्या सात-आठ गावांत तो लोकांच्या छपरांवर दिसे. कवेलू, म्हणजे मातीची कौलं, उतरवायचे, फुटके बाजूला टाकायचे, चांगले पुन्हा रचायचे. घरमालक खाली उभा राहून शिकवायचा, "इथी दाट लाव, तिथी पातळ लाव." लटारू वरून म्हणायचा, "तूच ये ना बे वरतं. मी खाली बिडी पीत उभा राह्यतो."

छपरावर त्याचंच राज्य होतं. घरात राज्य सुगंधाबाईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं.

आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षीच्या पूस महिन्यात त्यांची एकुलती एक पोरगी रंभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सुगंधाबाईनं महिनाभर आधीच नवऱ्याला कामाला लावलं. बाळंतिणीच्या खोलीवरचे कवेलू काढा, खाली गवत-चिखलाचा थर द्या, वर पुन्हा कवेलू रचा, वारा कुठूनच नाही आला पाहिजे.

"रंभेची माय, छपराले थोडी फट लागते. अंदरची गरमी जाईन कुठी?"

"गरमी जायाले नाई पायजे, म्हनूनच तं सांगून राह्यली! तुमी बाळंतपनं केली का मी केली?"

लटारूनं कपाळावर हात मारला आणि थर दिला. चांगला चार बोटं जाड दिला. कामात खोट ठेवणं त्याला जमत नसे, आणि पुढं याच गोष्टीचा त्याला सगळ्यात जास्त संताप आला.

दोन वर्षांपूर्वी गावात एक नर्सबाई येऊन गेली होती. बाळंतिणीच्या खोलीत धूर करू नका, खिडकी उघडी ठेवा, असं तिनं बायांना बसवून सांगितलं होतं. सुगंधाबाईनं त्यातलं धुराचं तेवढं घेतलं आणि खिडकीचं सोडून दिलं. बाजेखाली जाळायची लाकडं बंद केली आणि त्या जागी कोळशाची शेगडी आणली. धावड्याचा टणक कोळसा, लालबुंद निखारे, धुराचं नाव नाही. खिडकीत चिंध्या कोंबल्या, दाराखालच्या फटीला गोणपाट लावलं. वर लटारूचा चिखल होताच.

पोरगा झाला. रंभा बाजेवर, खाली शेगडी, पोर दाराजवळ सुपात. बारा दिवस पुरुषमाणसानं त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून लटारू सपरीत, म्हणजे बाहेरच्या पडवीत, बसून भिंतीपलीकडचं नातवाचं रडणं ऐके आणि बिड्या ओढे.

चौथ्या दिवशी रंभेचं डोकं ठणकू लागलं. पाचव्या दिवशी ओकारी झाली. सुईण सोनीबाई म्हणाली, "गाल पाह्य कसे लाल झाले पोरीचे! अंग भरून राह्यलं." सुगंधाबाईला मात्र वेगळाच संशय आला. तिनं देवाजी भगताला बोलावलं. देवाजीनं सपरीतच तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, "बाहेरचं हाय. फटीतून येते ते. सारं बुजवा."

"अजून काय बुजवाचं राह्यलं बावा?" लटारू म्हणाला. "मुंगीले जायाले जागा नाई तिथी!"

"तुमी गप बसा," सुगंधाबाई म्हणाली.

लटारू गप बसला, पण त्याचं डोकं चालू होतं. सकाळी रंभा न्हाणीत गेली की तिला बरं वाटे. भिंतीला धरून का होईना, बापाशी दोन शब्द बोले. आत गेली, दार लागलं, की घटकाभरात पुन्हा डोकं धरी. बाहेरचं लागलं असेल तर ते बाहेर आल्यावर लागायला पाहिजे. हे आतच का लागून राहिलं?

सहाव्या दिवशी न्हाऊन परत जाताना ती म्हणाली, "बाबा, पायात जीवच नाई वाटून राह्यला. डोस्क्यात घन पडते."

रंभा आत गेली, दार लागलं, आणि तिसरी बिडी संपता संपता लटारूला ते शब्द ओळखीचे वाटले. हे त्यानं स्वतः भोगलं होतं. तरणा असताना कवेलूच्या भट्टीत घाईनं माल काढायला शिरला होता. मागच्या कोपऱ्यात निखारे जिवंत होते. धूर नव्हता, वास नव्हता. आधी डोक्यात घण पडले, मग गुडघे गेले. सोबत्यानं तंगडी धरून ओढला म्हणून वाचला.

तो उठून मागच्या आंगणात गेला. सुगंधाबाई धुणं वाळत घालत होती.

"ते शेगडी भाईर काढ. आत्ताच्या आत्ता."

"येड लागलं का? पूस महिन्यात बाळंतिणीची शेगडी काढू?"

"अव, भट्टीत मी असाच पडलो होतो!"

"ते भट्टी होती. हे घर हाय."

या बाईशी वाद घालण्यात अर्धं आयुष्य गेलं होतं. तो तडक बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशी गेला आणि हाक मारली. उत्तर नाही. दार ढकललं तर आतून कडी. वारा येईल म्हणून कडी घालायला मायनंच शिकवलं होतं. त्यानं दार बडवलं. मग त्याच्या ध्यानात आलं की नातूही रडत नाही.

सुगंधाबाई मागून धावत आली. "निजले असतीन दोघं. काऊन उठवून राह्यले? बाळंतिणीची झोप मोडू नाई!"

"दार बडवून बी उठत नाई, ते झोप होय का व?"

सागवानी दार, बोटभर जाड कडी. खांद्यानं तुटणारं नव्हतं, आणि खिडकीला गज. लटारूनं सब्बल, लोखंडी पहार, उचलली आणि भिंतीला लावलेल्या शिडीनं वर चढला.

आयुष्यात त्यानं कवेलू कधी फेकला नव्हता. आज दोन्ही हातांनी फेकले. मागचा रिकामा कोपरा धरला, म्हणजे माती बाजेवर पडणार नाही, दाराजवळच्या सुपावरही नाही. स्वतः दिलेला चार बोटांचा थर सब्बलीनं फोडताना तो स्वतःलाच शिव्या घालत होता. "चांगला दिला रे लटाऱ्या! भल्ला मजबूत दिला!" खालून सुगंधाबाई ओरडत होती, "छप्पर मोडलं वं माय! मानूस येडा झाला!" थराखालची बांबूची ताटी तुटली. भोकातून गरम झोत तोंडावर आला.

छाती भरून श्वास घेतला, तोंड मिटलं आणि आत उडी मारली. कडी काढली. सूप पायानं बाहेर सरकवलं. मग रंभेच्या काखेत हात घालून तिला फरफटत सपरीत आणलं, तिथून उघड्या आंगणात. तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला.

पोराचे ओठ निळसर पडले होते. सुगंधाबाई त्याला पदराखाली घेऊन चुलीपाशी निघाली. "थंडी लागन पोराले!"

"आन ते इकडं! त्याले ऊब नाई, हवा पायजे!"

आरडाओरड्यानं सोनीबाई धावत आली होती. तिनं पोर हिसकून घेतलं, बोटानं तोंड साफ केलं, नाकातोंडावर हलकी फुंकर घातली. एकदा, दोनदा, पाच वेळा. पोरानं उचकी दिली आणि मांजरागत बारीक रडलं.

रंभेचं काही हलत नव्हतं. श्वास होता, पण लांब लांब. सुगंधाबाई काढ्याची वाटी घेऊन आली. लटारूनं ती हातातून उडवली.

"बेसुध मानसाच्या घशात ओततं? जे मरत नाई त्याले बी मारशीन तू!"

सुगंधाबाई मटकन खाली बसली. लटारूनं पोरीला कुशीवर वळवलं आणि तिचं डोकं मांडीवर धरून बसला. अंगावर घोंगडं, तोंड मोकळं. सूर्य चांगला वर आला तेव्हा रंभेनं डोळे उघडले, ओकली, आणि बापाकडं ओळख नसल्यासारखी पाहत राहिली.

छकड्यातून तिला नागभीडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर नागपूरकडचे. त्यांनी विचारलं, ऐकलं, आणि टेबलावर हात आपटला. "अहो, बंद खोलीत कोळशाची शेगडी? निखाऱ्यातून एक विषारी वायू निघतो. दिसत नाही, वास येत नाही. रक्तात प्राणवायूची जागा तोच अडवून बसतो. माणूस बसल्या जागी गुदमरतो आणि त्याला कळतही नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघंही गेली असती."

"मी बी हेच बोंबलून राह्यलो साहेब," लटारू म्हणाला. "पन माह्यं ऐकते कोन?"

पोर वाचलं, रंभाही वाचली. पण दोन महिने तिचे हात थरथरायचे आणि गोष्टी ध्यानात राहायच्या नाहीत. पोराला पाजलं की नाही, हे ती मायलाच विचारायची. सुगंधाबाई दर वेळी खरं सांगायची, आणि मग न्हाणीमागं जाऊन रडायची. शेगडी तिनं स्वतःच उकिरड्यावर फोडली.

गावाची मात्र वेगळीच समजूत झाली. देवाजी भगतानं निर्वाळा दिला होता की बाधा होतीच, लटारूनं छप्पर फोडलं तशी वरच्या भोकातून निघून गेली.

फागुनात गावातल्याच गुणाबाईनं लटारूला बोलावलं. तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते. "लटारूभाऊ, आमच्या खोलीवर बी तसंच भोक पाडून दे. भूत निघून जायाचं."

"गुणाबाई, भूत नोयते! निखारे होते. शेगडी ठेवूच नोको म्हनतो मी."

"हाव, हाव. पन भोक उगवतीकडं पाड. देवाजी म्हने, तिकडूनच जाते ते."

लटारूनं शिडी लावली, वर चढला आणि उगवतीकडं वीतभर मोकळी जागा सोडून पाणी न येईल असा कवेलू उभा बसवला. मग मावळतीकडंही तेवढीच सोडली.

"दोन कायले?" खालून गुणाबाई ओरडली.

"येक जायाले, येक यायाले!"

"यायाले? कोन येते यायाले?"

"आता काय सांगू तुले," तो वरूनच खेकसला. "बुजवू नोको म्हंजे झालं. चिंधी कोंबलेली दिसली तं तुह्यं सारं छप्पर उतरवून ठेवीन."

गुणाबाईनं घाबरून वर हात जोडले, लटारूला की भुताला कोण जाणे.