पांढऱ्या पेशी, मुक्काम वडगाव

“पोरीचं रगत तिच्याच अंगावर उठतंय म्हणं. आता ह्या घरात दुसऱ्या कुणी तिच्यावर आवाज चढवायचा न्हाय, सांगून ठेवते!”

स्वयंपाकघरात सासूबाई माझ्या नवऱ्याला दटावत होत्या. इकडं त्यांना आत्ती म्हणतात. मी दाराआड, रिकामा तांब्या हातात घेऊन. त्यांना वाटलं, नवी नवरी झोपलीय. मी पाणी न पिताच परत गेले.

टिळकवाडीच्या माहेरातून वडगावात आले तेव्हा साड्यांबरोबर माझ्या आजाराची, ल्युपसची, फाईलही आली. लपवाछपवी नव्हती, बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं. पण माणसं विणकर, दिवसभर मागाच्या खडखडाटात बोलणारी. इथं काही हळू होतच नाही. त्यामुळे किस्से इतके साठलेत, की गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा तेवढी नसतील.

पहिल्या तपासणीला आम्ही दोघंच जाणार होतो. गाडीत बघते तर आत्ती, सासरे आप्पा, आणि निपाणीहून पहिली बस पकडून आलेल्या थोरल्या नणंदबाई, आक्का! डॉक्टरांनी जास्तीच्या खुर्च्या मागवल्या आणि शांतपणे सांगायला घेतलं.

“पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. जंतू दिसला की त्या एकमेकींना निरोप धाडतात, ‘या, धावा!’ त्या निरोपांना सायटोकाईन म्हणतात. जंतू गेला की निरोप थांबायला हवेत. ल्युपसमध्ये थांबत नाहीत. जंतू नसतानाही सुटतात. मग राखणदार धावत येतात आणि आपल्याच घराची मोडतोड करतात.”

“म्हणजे आमची आक्की!” आप्पा म्हणाले.

“आप्पाऽ!”

“मग काय खोटं हाय? हिला शिंक आली की तू निपाणीतनं येळ्ळूरच्या मावशीला फोन लावतीस. सांजच्याला घरात माणसं मावत न्हाईत!”

डॉक्टर चष्मा काढून हसले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “सांधे धरले, पाय सुजले, तर त्याच दिवशी सांगायचं. ल्युपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा आवाज करत नाही. गप्प बसायचं नाही.”

मी गप्प बसून मान डोलावली.

त्या दिवशी बी पेशींचाही विषय निघाला. या पेशी अँटिबॉडी तयार करतात, आणि माझ्या पेशी चुकून माझ्याविरुद्धच तयार करतात. आप्पांना ते लगेच कळलं. मागाला डिझाईनचं भोकं पाडलेलं कार्ड चुकीचं लागलं की साडीभर तीच चूक उमटत जाते, माग बिचारा इमानदारीनं चालतोच. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी सुनेची चौकशी केली. आप्पांनी छातीठोकपणे सांगितलं, “माग एक नंबर हाय. कार्ड तेवढं बदलायला टाकलंय!”

मग काढ्याचं प्रकरण. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून आत्तींनी गुळवेल आणून उकळली. डॉक्टरांना फोन केला तर ते जवळजवळ ओरडलेच, “अहो, नका! तिची शक्ती कमी नाही, भलतीकडं धावतेय. ती शांत करायला तर गोळ्या देतोय!”

आत्तींनी पातेलं मोरीत ओतलं आणि माझ्याकडं नव्यानं बघितलं. “दिसतीस काडीएवढी. आणि शक्ती जास्त?”

त्यानंतर बरणीचं झाकण घट्ट बसलं की घरात मला हाक येते.

उन्हाचंही तसंच. ऊन लागलं की माझ्या गालांवर लाल चट्टे उठतात, पेशींना तेवढं निमित्त पुरतं. एका सकाळी उठून बघते तर मागच्या दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत मांडव! आप्पांनी विणताना बिघडलेल्या डागी साड्या जोडून वर ताणल्या होत्या. हिरवी, जांभळी, मधेच एक केशरी. शेजारीण डोकावली, “लगीन हाय काय वो घरात?”

“व्हय,” आप्पा सुतळी आवळत म्हणाले, “आता रोजच!”

गोची एकच आहे. इतकी माया करणाऱ्या घरात ‘दुखतंय’ म्हणणं फार अवघड. शब्द निघाला की आत्तींचा घास थांबतो, आप्पांचा माग थांबतो. म्हणून मी ‘बरंय’ म्हणायला शिकले. सकाळी बोटं वळत नसली तरी ‘बरंय’.

गेल्या रविवारी आक्का आल्या होत्या. सगळे जेवायला बसलो. माझ्या पायात मोजे. “ह्या उकाड्यात?” आक्कांनी विचारलं. “गार लागतंय,” मी म्हटलं. मोज्यांच्या आत जोडवी मांसात रुतली होती. ती लग्नात आत्तींनी हौसेनं घडवलेली. या घरात बाईची जोडवी उतरत नाहीत. आत्तींची झिजून तारेसारखी झालीत, पण बोटातून हलली नाहीत. नवऱ्याच्या आयुष्याशी बांधलेली गोष्ट काढा, असं त्याच्याच आईला कसं सांगायचं?

आप्पांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, “काय गं, बरं हाय न्हवं?”

‘बरंय’ ओठांवर आलंच होतं. मी ताट सरकवलं, मोजे काढले आणि पाय आत्तींपुढं केले.

“आत्ती, माझी जोडवी काढा. पाय सुजल्यात. लई भ्या वाटतंय मला.”