आठवरून तीनवर

"साहेब, गाणां खाली इलां काय?" हातातला पाना पाठीमागे धरून तो माझ्या टेबलाशी उभा राहायचा आणि हळूच हे विचारायचा. मस्कतमधल्या आमच्या अझैबाच्या ऑफिसात आठवडा रविवारी सुरू होतो. माझा या प्रश्नाने सुरू व्हायचा.

तो कुडाळकडचा, आमच्या कंपनीचा लिफ्ट-मेकॅनिक. प्रश्न असायचा इंग्लंडच्या एका पॉपगायकाबद्दल. त्याचं कुठलं सिंगल लोकप्रिय गाण्यांच्या यादीत किती आठवडे टिकलं, कुठला अल्बम पहिल्या दहात पोचला, कुठला विसावर अडकून बसला, सगळं त्याला तोंडपाठ. गाणं मात्र एकही धड ऐकलेलं नाही. आणि आठवरून तीनवर आलेलं गाणं त्याच्या लेखी 'खाली' आलेलं असे. सगळा जन्म लिफ्टमध्ये गेलेल्या माणसाला तीन हा आकडा आठाच्या वर कसा पटावा? आम्ही त्याची यथेच्छ टर उडवायचो. तुम्हीही उडवली असतीत, उगाच साळसूद होऊ नका.

या चौकशीचं कारण त्यानेच एकदा सांगितलं. दार्सैतला घरी पंधरा वर्षांची मुलगी. शाळेत, मैत्रिणींत सगळं इंग्रजी, मराठी अडखळत, आणि बापाशी बोलणं म्हणजे 'हं' आणि 'नको'. एकदा त्याने त्या गायकाचं नाव काढलं, तर तिने कानातले इअरफोन काढले. "बाबा, खाली नाही, वर गेलं, वर!" म्हणत ती त्याच्याशी भांडत बसली.

"धा मिनटां बोललां माझ्याशी, साहेब!" हे सांगताना त्याला बसायचंही सुचलं नव्हतं. इंग्रजी वाचताना तो चाचपडायचा, म्हणून दर आठवड्याचा नंबर माझ्याकडून न्यायचा.

एका रविवारी म्हणाला, "आज चेडवाचो वाढदिवस. तिच्यो मैत्रिणी येतल्यो." मी मोबाइल उघडला. गायकाचं नवं सिंगल पहिल्या चाळिसातूनही बाहेर पडलं होतं. शेजारी बसलेल्या फोरमनने मला डोळा मारला. मी म्हणालो, "अभिनंदन! एकवर आलंय."

तो इतका खूश झाला की माझा हात सोडेचना. खरं काय ते तेव्हाही सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण मजा येत होती.

पुढचं फोरमनने दुसऱ्या दिवशी जेवताना साभिनय सांगितलं. तो त्यांच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. बापाने हमरियाच्या बेकरीतून केक आणला, त्यावर क्रीमचा हा मोठा '१'. मैत्रिणींनी विचारलं, "तू एक वर्षाची झालीस?" मग याने सगळ्यांसमोर बातमी जाहीर केली. पोरींनी मोबाइल काढले आणि हसून हसून लोळल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज. तुम्ही आत जा." हे ऐकून सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

दुपारी तो आला. "साहेब, चुकान वाचलात मां?"

"हो, चुकून."

"होतां तसां कधी कधी," तो म्हणाला. त्यानंतर त्याने मला कधीही नंबर विचारला नाही.

चार महिन्यांनी सोहारच्या साइटवर काम करताना तो कोसळला आणि गेला. त्याचं सामान न्यायला मायलेकी ऑफिसात आल्या. आई आत कागदांवर सह्या करत होती. मुलगी माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"अंकल, बर्थडेला बाबांनी राँग नंबर सांगितला होता. मी विचारलं, कोणी सांगितलं? ते म्हणाले, मीच चुकीचं वाचलं." ती शब्द शोधत होती. "पण त्यांना ती लिस्ट वाचता यायची नाही. कोणी तरी सांगितलं असणार ना? मी तेव्हापासून त्यांच्याशी बोललेच नाही."

फोरमन उठून बाहेर गेला. तिला फक्त एक नाव हवं होतं, आणि ते माझं होतं.

मी म्हणालो, "त्यांनीच वाचलं असेल, बेटा. चुकतो माणूस."

"थँक यू, अंकल," ती म्हणाली.