हीरोच्या बोटातली अंगठी

सिनेमात हीरो बुद्धिबळ खेळतो तेव्हा चेहरा हीरोचा, पण वजीर उचलणारा हात हातवाल्या काकांचा. हीरोंचा सगळा आनंदीआनंद. घोडा अडीच घरं चालतो हेही ठाऊक नसतं, आणि मोहरं धरतात ते चटका बसल्यासारखं. म्हणून गेली सव्वीस वर्षं जवळचा शॉट आला की काकांना बोलावणं. बाही हीरोची, मनगट काकांचं.

पट उलटा मांडलेला असणार हे ठरलेलंच. खेळणाऱ्याच्या उजव्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, तिथे काळं. काका सगळं उचलून पट नीट मांडायचे.

हीरो बहुधा बिनलग्नाचा. त्यामुळे घरून निघताना काका लग्नातली अंगठी काढून काकूंकडे देत. काकू ती आपल्या अंगठ्यात घालत आणि संध्याकाळी परत देताना विचारत, "आज कोण जिंकलं?"

"हीरो."

"आणि खरं?"

"खरं म्हणजे, तो तीन चालींपूर्वीच मेला होता."

मग दोघं पोट धरून हसत.

काकू गेल्या त्याला सतरा दिवस झाले होते. काका रडले नाहीत. लोक म्हणाले, मन घट्ट आहे हो. घट्ट कसलं? दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसं बधिर झालं होतं. अठराव्या दिवशी बोलावणं आलं, काका निघाले. दारात सवयीनं अंगठीला हात गेला आणि तिथेच थांबला. काढून द्यायची कुणाकडे?

सेटवर पट उलटाच होता. काका तसेच बसले. वजीर उचलला, तोच दिग्दर्शक ओरडला, "काका, अंगठी!"

"निघत नाही."

"साबण लावा."

"नाही निघत."

मेकअपवाली साबणाचं पाणी घेऊन आली. काकांनी मूठ आवळली. तिनं मुठीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"सर, बोट सुजलंय त्यांचं," ती म्हणाली. धडधडीत खोटं.

"मग हीरोलाच घाला एक!" दिग्दर्शक वैतागला.

लाइटवाल्याची अंगठी हीरोच्या बोटात गेली. बिनलग्नाच्या हीरोला उभ्याउभ्या बायको झाली, आणि लेखकानं तिथल्या तिथे दोन वाक्यं वाढवली. समोरचा खेळाडू विचारतो, "वहिनी दिसत नाहीत?" हीरो म्हणतो, "माहेरी गेलीय. येईल आठवड्याभरात."

सहा टेक झाले. काकांनी ते सहाही वेळा ऐकलं.

घरी येऊन त्यांनी हात धुतले. साबण लागायच्या आतच अंगठी आपोआप निसटून बेसिनमध्ये पडली. सतरा दिवसांत बोटं वाळली होती, अंगठी केव्हाचीच सैल झाली होती. काकांनी ती उचलली आणि अंगठ्यात घातली. तिथे नीट बसली.

"हीरो जिंकला," कुणी विचारलं नव्हतं तरी ते म्हणाले. "पट मात्र उलटाच राहिला गं."

आणि मग दुखायला लागलं.