तिकीट टपावर होतं

माझ्यावर आयुष्यात एकदाच खटला होता होता राहिला, आणि तोही फुकट प्रवास केल्याचा. ही हकिगत मी आजवर पुष्कळांना हसत हसत सांगितली आहे. लिहायला बसले की मात्र हसू येत नाही, राग येतो. म्हणून ती रागानेच लिहिते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. टोकावड्यापासून आत, डोंगराच्या अंगाला आमची वाडी. मुक्कामाची लाल गाडी सकाळी आमच्या वाडीतूनच सुटायची आणि टोकावड्यावरून मुरबाडला जायची. चैत्र-वैशाखात लग्नं असतात, लग्नांना पत्रावळी लागतात. आमच्या बाया आदल्या दिवशी रानातून पळसाची पानं खुडून आणायच्या, त्यांच्या जुड्या बांधायच्या, जुड्यांचा भारा करायच्या आणि बाजाराच्या दिवशी तो गाडीच्या टपावर टाकून मुरबाड गाठायच्या. आई जायची, बारावी झाल्यापासून मीही जायला लागले होते.

गाडी भरली की आत पाय ठेवायला जागा नसे. म्हणून कंडक्टर सुटायच्या आधीच खाली दाराशी उभा राहून तिकिटं द्यायचा, एक माणसाचं आणि एक भाऱ्याचं. मग भारे वर चढायचे. फार पूर्वी कुठल्या तरी कंडक्टरने बायांना दटावलं होतं की मालाचं तिकीट मालालाच बांधलेलं पाहिजे. बायांनी ते मनावर घेतलं, जरा जास्तच घेतलं. त्या दोन्ही तिकिटं एकत्र दुमडून भाऱ्याच्या दोरीच्या गाठीत खुपसायला लागल्या. यात वेडेपणा काहीच नव्हता. लुगड्याला खिसा नसतो, आणि कमरेला खोचलेल्या कागदाचा मुरबाड येईपर्यंत घामाने लगदा होतो. गाठीतलं तिकीट कोरडं राहतं. मीही माझं तिकीट तसंच बांधत होते. बारावी झाली म्हणून ही सवय का मोडावी, हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि आताही कळत नाही.

त्या दिवशी टोकावड्याला चेकर चढला. पांढरीशुभ्र पँट, पायात पॉलिश केलेले बूट. मी दाराजवळच उभी होते, म्हणून पहिलं मलाच विचारलं.

"तिकीट?"

"टपावर आहे," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मी नीट समजावून सांगितलं, की भारा वर आहे, तिकीट भाऱ्याच्या गाठीत आहे, शिडीवरून चढलं की समोरच दिसेल. आमच्या बायांनीही मागून गलका केला, "आमचीपन थयच हायत, सायेब! वर जाऊन बघा ना!" तो वर गेला नाही. त्याने कंडक्टरकडे पाहिलं. कंडक्टर म्हणाला, "मी सगळ्यांना दिलीत साहेब, पण कोण कुठं ठेवतं ते मी काय सांगू?"

शिडीच्या सात-आठ पायऱ्या. तेवढ्या चढायला त्याला काय होत होतं? पण पँट मळली असती. आणि खाली सोळा बाया अशा होत्या की ज्यांच्या हातात तिकीट नव्हतं. सोळा जणींचे कागद करायचे, सोळा अंगठे घ्यायचे, म्हणजे त्याचा अर्धा दिवस गेला असता. त्यापेक्षा सही करता येणारी एक समोर उभी होती, ती त्याला सोयीची वाटली.

"शिकलेली दिसतेस," तो म्हणाला. "बाकीच्यांना कळत नाही एक वेळ. तुला लाज नाही वाटत? तुम्ही लोक फुकटच बसायला बघता."

'तुम्ही लोक' ऐकलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. मागून कोणीतरी ओरडलं, "उतरव रे तिला, टाइम होतोय!" मला उतरवलं. आई माझ्यामागे उतरायला लागली तर मीच तिला आत ढकललं. म्हटलं, "तू जा, भारे विक. दोन्ही भारे वरच हायत." गाडी गेली. माझं तिकीट तिच्या टपावर बसून मुरबाडला गेलं आणि मी विनातिकीट म्हणून टोकावड्याच्या रस्त्यावर उभी राहिले.

माझ्याबरोबर उतरलेल्या चेकरने पुढ्यात कागद धरला. दंड भरायचा आणि 'विनातिकीट प्रवास केला, चूक मान्य आहे' याखाली सही करायची, की विषय संपला. नाहीतर आठ दिवसांत मुरबाडच्या एसटीच्या कचेरीत हजर व्हायचं आणि तिथेही मान्य केलं नाही तर प्रकरण कोर्टात.

"मी चूक केलेलीच नाय," मी म्हटलं. "सही करणार नाय. करा केस."

हे बोलताना मला भीती वाटत होती, ते कशाला लपवू? आमच्या वाडीत बालवाडी सुरू होणार होती. शिकवायला बाई हवी होती, आणि वाडीत बारावी झालेली मी एकटीच. अर्जासोबत लिहून द्यायचं होतं की माझ्यावर कुठलाही खटला नाही आणि मी कधी कुठल्या गुन्ह्यात दोषी ठरलेले नाही. केस झाली असती तर ते लिहिता आलं नसतं. आणि सही केली असती तर गुन्हा कबूल केल्यावर ते मी खोटंच लिहिलं असतं. बालवाडी माझ्या हातातून दोन्हीकडून निसटत होती.

आई बाजारातून परतली ती तिकीट घेऊनच. माझ्या भाऱ्याची गाठ तिने कुणाला सोडू दिली नव्हती. तिकीट सोडवून पदराच्या टोकाला बांधून आणलं होतं. मला हायसं वाटलं. दुसऱ्याच दिवशी ते घेऊन मी मुरबाडला गेले. चेकर कचेरीतच भेटला. त्याने ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"असली तिकिटं स्टँडवर पायाखाली पडलेली असतात. उचललंस आणि आलीस."

त्या संध्याकाळी मामा आला. मामा कल्याणला कंपनीत होता, जगाचं त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. तो म्हणाला, "भर ना गो दंड. सही कर आनि मोकली हो. कोन बघतोय? कोर्टात एकदा पाय पडला का चपला झिजतात."

मामा माझ्या भल्याचंच सांगत होता. तरी मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, मुलांना 'खोटं बोलू नका' असं शिकवायला जायचं आणि नोकरीच्या पहिल्याच कागदावर खोटं लिहायचं? आई चुलीपुढून म्हणाली, "तिकीट काढला व्हता ना? मंग नाय करायची सही." आणि तिने भाकरी उलटली.

आठ दिवसांच्या मुदतीतला शेवटचा दिवस नेमका बाजाराचा होता. नेमका म्हणजे हजर व्हायला मीच तो निवडला होता. आदल्या दिवशीच मुरबाडजवळ मावशीकडे जाऊन राहिले आणि सकाळी आमच्या गाडीच्या आधी कचेरीत हजर झाले. कचेरीची खिडकी स्टँडवर उघडत होती. आत चेकर होता आणि त्याचे वरचे साहेब होते, वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेले.

साहेबांनी कागद वाचला. "मान्य का करत नाहीस, बाळ? लहानशी गोष्ट आहे."

"लहानशी आहे तर सोडून द्या," मी म्हटलं.

चेकर हसला. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. साहेबांना सांगितलं, "आमची गाडी आता येईल. तुम्ही फक्त बाहेर चला आणि भारे उतरताना बघा. मी कोणाला काही सांगितलेलं नाय. तिकीट कुठे असतं ते तुमचं तुम्हीच बघा."

साहेब उठले. का उठले कोण जाणे. कदाचित कंटाळले असतील, कदाचित माणूस बरा असेल. गाडी आली. टपावरून भारे धपाधप खाली पडायला लागले आणि बाया आपापल्या भाऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्या भाऱ्यापाशी वाकले. दोरीच्या गाठीत दोन तिकिटं, चौपदरी दुमडलेली. दुसऱ्या भाऱ्यात दोन, तिसऱ्यात दोन. एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "आजी, तुमचं तिकीट?"

म्हातारीने हनुवटीने भाऱ्याकडे दाखवलं. "त्याला बांधलाय. मालाचा तिकीट मालालाच पायजे ना? तुमचीच मानसा सांगत."

साहेब शेवटच्या भाऱ्यापर्यंत वाकत गेले. तो भारा आईचा होता. आई कमरेवर हात ठेवून उभी होती. चेकर लांब खांबाशी थांबला होता.

साहेब सरळ झाले, हात झटकले आणि मला म्हणाले, "ठीक आहे. जा. या वेळी सोडतो."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. सुटले होते. पण 'सोडतो' हा शब्द मला झोंबला. सोडतात ते गुन्हेगाराला.

"सोडू नका," मी म्हटलं. "या सोळा जणींच्याही हातात तिकीट नाय, साहेब. मी फुकटी असेन तर या सगळ्या फुकट्या. माझ्या आईपासून सुरू करा आणि सगळ्यांवर केस करा. आणि आम्ही फुकट्या नसलो तर तसं लिहून द्या."

स्टँडवरची माणसं थांबून बघायला लागली. बायांना सगळं समजलं की नाही माहीत नाही, पण एकही भारा उचलला गेला नाही. पानांचे व्यापारी लांबून हाका मारत होते, तरीही. साहेब आत जाऊन खुर्चीवर बसले आणि चेकरच्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. नक्कल माझ्या हातात दिली.

चेकरने माझी माफी मागितली नाही. माझीही तशी अपेक्षा नव्हती. शिडी चढला नाही, तो माफी काय मागणार?

मी बाहेर आले. आई भाऱ्यावर बसली होती.

"काय लिवलाय?" तिने विचारलं.

मी मोठ्याने वाचून दाखवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सदर प्रवाशाकडे तिकीट होते. प्रकरण बंद करण्यात येत आहे."

आईने ऐकून घेतलं. मग उठली, भाऱ्याला हात घातला आणि म्हणाली, "या तर मना पयल्या दिसापासना ठावं व्हता. त्यांना आठ दिस लागलं. चल, धर त्या बाजूनं."

मी कागद ब्लाउजात खोचला आणि भारा धरला.