हवेचा काटा

हवा मोजायची म्हणजे खरं तर कागद मोजायचा. हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हाच त्या नोकरीतला निम्मा रस गेला. पांढरा कागद वजन करून न्यायचा, मशीनमध्ये लावायचा. मशीन आठ तास हवा ओढतं, धूळ कागदावर बसते. मग कागद परत आणून पुन्हा वजन करायचं, वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेने भागायचं आणि आलेला आकडा रकान्यात भरायचा. महाराष्ट्र होऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली असतील. बुलडाणा जिल्ह्यात हवा मोजतात हेच मुळी कोणाला ठाऊक नव्हतं. आमची योजना प्रायोगिक होती आणि पुढे कोणाला पत्ता न लागता ती गुंडाळलीही गेली.

आता घरात नात फोन बघून सांगते, आजोबा, आज बाहेर जाऊ नका, हवा वाईट आहे. मी तिला विचारतो, मशीन कुठे ठेवलंय? तिला वाटतं म्हातारा खोडी काढतोय.

आमच्या योजनेत तालुक्यातल्या तीन ठिकाणचे आकडे घ्यायचे, त्यांची सरासरी काढायची आणि तहसीलच्या फलकावर लोकांसाठी एकच शब्द लिहायचा. बरी, मध्यम किंवा वाईट. तीनपैकी दोन ठिकाणं वरून ठरलेली असत. एक तहसीलचं आवार, तिथे मोठमोठे कडुनिंब. दुसरं विश्रामगृहाची बाग, तिथे माळी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचा. तिसरं ठिकाण जिथून तक्रार आली असेल ते. मी एकदा साहेबांना म्हणालो, दोन जागा आधीच सावलीत आहेत, तिसरीचं त्यांच्यापुढे काय चालणार? साहेब म्हणाले, सरासरी सगळ्यांना सारखी. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात त्या काळी माझा हात धरणारा कोणी नव्हता.

दुसरबीडच्या बाजूला रस्त्याकडेच्या एका गावातून अर्जांवर अर्ज येत होते. गावाबाहेर बौद्धांची वस्ती, आणि वस्तीपासून हाकेच्या अंतरावर गिट्टीचं क्रशर. अर्ज लिहिणारा गृहस्थ रस्त्याच्या कामावर मुकादम होता, नुकताच निवृत्त झालेला. अक्षर मोत्यासारखं. जन्मभर गिट्टीच पसरली, त्यामुळे गिट्टीवर त्याचा राग नव्हता. कचेरीतल्या पहिल्या भेटीत, खोकला आवरत आवरत, त्याने मला नीट समजावलं होतं.

"बंद करा म्हणत नाही साहेब. आमच्याच बाया जातात तिथं कामाले. नाल्याच्या तिकडे न्या, एवढंच म्हणतो. रातचं जेवतानी बी दातात कचकच लागते. आन् मले तर आता चार पावलं चाललं का दम लागते."

क्रशरचा परवाना त्याच वर्षी नव्याने व्हायचा होता. हवा 'वाईट' निघाली तर जागा बदलावी लागेल, असं वरून लेखी आलं होतं. म्हणजे त्या माणसाची छाती आमच्या एका कागदावर येऊन थांबली होती.

मोजायला जाण्याआधी पोस्टकार्ड टाकून तारीख कळवायची, असा नियम होता. मी कळवली. सकाळी जीपमधून उतरलो तर वस्ती ओलीचिंब. क्रशरच्या वाटेपासून विहाराच्या पायरीपर्यंत झाडून, शेणाचा सडा घालून ठेवलेला. भिंती सारवलेल्या. पत्र्यांवर बसलेली पांढरी भुकटी पाणी मारून उतरवलेली. विहाराजवळच्या निंबाच्या हाताला येतील तेवढ्या फांद्यासुद्धा कोणीतरी धुतल्या होत्या. बाया पहाटेपासून नाल्यावरून पाणी वाहत होत्या. वस्तीत वीज होती ती फक्त विहारात, म्हणून मशीन तिथेच लावायचं होतं. लोक त्याला हवेचा काटा म्हणत, कापसाच्या मोंढ्यात असतो तसा.

मुकादमाची बायको घागर उतरवून पदराने हात पुसत पुढे आली.

"सरकारी मानूस आपल्या वस्तीत पहिल्यांदा येऊन राह्यला, म्हणलं घाण दिसाले नको. गावातले लोक आम्हाले तेच नाव ठेवतात."

मला सगळं तिथल्या तिथे कळलं. ओल्या जमिनीवरून धूळ उठणार कशी? मी ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारलं, आपण परवा परत येऊ शकू का? तो म्हणाला, "परवा काय साहेब, उद्या सकाळी जीप अन् मशीन जळगाव जामोदले पाह्यजे." मी मशीन लावलं.

मला खुर्ची दिली, चहा दिला, दुपारी भाकरी आणि वांग्याची भाजी दिली. क्रशर दिवसभर घरघरत होतं आणि दर तासाला कोणी ना कोणी बाई घागर घेऊन येई आणि मशीनभोवती पाणी शिंपडून जाई. मी एकदा म्हणालो, "मावशी, पुरे झालं आता."

"तुमच्या अंगावर उडते ना," ती म्हणाली.

यापुढचं मी बोलायला हवं होतं. माझ्याने बोलवलं नाही. ज्या बायांना जन्मभर घाणेरड्या म्हणून हिणवलं, त्यांना तुम्ही झाडू नका हो, तुमचं झाडणंच तुमच्या मुळावर येतंय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आलो. खरी गोष्ट अशी की मी दमलो होतो, दौऱ्याचा सहावा दिवस होता आणि मला घरी जायचं होतं. त्याची लाज आजही वाटते.

कागद जेमतेम मळला होता. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'परिसरात दिवसभर पाणी शिंपडलेले होते.' पण शेऱ्याची सरासरी निघत नाही. आकडा तहसीलच्या निंबांच्या आणि बागेच्या आकड्यांत मिसळला आणि फलकावर शब्द चढला, मध्यम. क्रशरचा परवाना होता त्याच जागेवर पुढे चालू राहिला.

पंधरा दिवसांनी मुकादम कचेरीत आला. फलक त्याने स्वतः वाचला होता. जिना चढून आल्यावर बराच वेळ बाकावर वाकून बसला, मग विचारलं, "साहेब, एक सांगा. आम्ही पाणी मारलं नसतं, तं?"

"तर आकडा वाढला असता."

"वाईट निघाली असती?"

सरासरी काढूनही निघाली असती का, मला ठाऊक नव्हतं. तरी मी हो म्हणालो.

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

मी टेबलावरचे कागद सारखे करत बसलो. तो रागावला नाही. रागवायलाही श्वास लागतो आणि तेवढा त्याच्याजवळ नव्हता. उठताना एवढंच म्हणाला, "हे आमच्या घरी कळू देऊ नका. तिनं त्या दिवशी लय पाणी वाह्यलं."

पुढे उन्हाळ्यात मशीनची जादा वायर विहारात राहिली होती ती आणायला मी एकटाच एसटीने गेलो. मशीन कुठल्याशा खोलीत कुलपात पडलं होतं, आणि ते पुन्हा निघणार नाही हे मला माहीत होतं. मुकादमाच्या बायकोने वायर नीट गुंडाळून फडक्यात बांधून ठेवली होती. आतून मुकादमाचा खोकला ऐकू येत होता. त्याला बाहेर येववलं नाही. पलीकडे क्रशर चालूच होतं. तिने मला पाणी दिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"साहेब, त्या काट्याचं काय निघालं? आमच्या यायले इचारलं तं काहीच सांगत नाहीत."

"मध्यम निघालं, मावशी."

"मध्यम म्हणजे कसं? चांगलं का वाईट?"

मी तोंडाला येईल ते बोललो. "वस्ती स्वच्छ होती, असं लिहिलंय मी."

तिचा चेहरा खुलला. पदर सारखा करत ती म्हणाली, "मंग पुढच्या बारीले बी आधी कार्ड टाका. याच्याहून जास्त पाणी मारून ठेवू."

टाकतो म्हणालो, आणि वायर काखेत घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघालो.